लोरीनचे पिवळे केस

१२ ऑगस्ट १९७४, सोमवार
नदीकाठी आणखी एक पोरगी मारलेली सापडली. तिसरी. हिचेही केस लांब, काळे. टीव्हीवरचे डॉक्टर म्हणाले, असल्या खुन्याची पद्धत ठरलेली असते, ती तो मोडत नाही. बरं झालं कळलं. मला काही झालं तर माझ्या तान्ह्या टोबीला कोण बघणार? भाजीच्या कात्रीने केस कापले, पिवळे केले. टोबी ओळखेना. माझ्या हातून बाटली घेईना, नुसता रडला. होईल सवय. आता भीती संपली.

१४ ऑगस्ट
धाकटी बहीण लोरीन म्हणाली, डॉट, तू पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसतेस. हस म्हटलं. धरून सिंकपाशी बसवलीच तिला, केले पिवळे. शेजारच्या मिसेस कोवाच मुलीला घेऊन आल्या, तिचेही केले. खरं तर गव्हर्नरनेच सांगायला हवं, अख्ख्या ओहायोत कुणी काळे केस ठेवू नका म्हणून. साधी गोष्ट आहे.

१६ ऑगस्ट
माझा नवरा वेन मिलमधून दमून येतो आणि वर लोरीनला हॉटेलातल्या कामावरून घरी सोडतो. बंद करायला सांगितलं. लोरीन म्हणाली, थोडे दिवस येऊ दे ना गं त्याला. मी म्हटलं, आरशात बघ, तो खुनी तुझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

१९ ऑगस्ट, सकाळी
लोरीन शनिवारपासून घरी नाही. डेट्रॉइटला गेली असेल, तिच्या त्या ड्रमवाल्या मित्राकडे. आली की चांगली झापायची.

दुपारी
रेडिओवर सांगितलं, नाल्यात एक सापडली, पिवळ्या केसांची. म्हणजे हे त्याचं काम नाही. म्हणजे लोरीन नाही. वेनला दोनदा समजावलं. तो बूट घालून पोलिसांकडे गेला.

२० ऑगस्ट
लोरीनच.

२३ ऑगस्ट
दफन झालं. टीव्हीवर तेच डॉक्टर. म्हणाले, त्याचा ताबा सुटलाय, पद्धत बदलली, आता केसबीस बघत नाही, हाताला लागेल तिला. मग हे आधी नाही सांगायचं? दुसराच कुणीतरी असणार. उद्या पोलिसांना जाऊन सांगणार होते. वेन म्हणाला, डॉट, पुरे.

संध्याकाळी मिसेस कोवाच आल्या. पोरगी मागे उभी, डोक्याला रुमाल. त्यांनी विचारलं, हिचे परत काळे करून देतेस का?

मी दार फटीएवढंच उघडलं. म्हटलं, "मला केसांतलं काही कळत नाही हो."