दक्षिणेच्या भिंतीवरची कुत्री

आबा, तुमचा फोटो आठ दिवस माझ्या खोलीत कपाटाच्या आडोशाला उभा होता, तोंड भिंतीकडं करून. मीच ठेवला होता तसा. माझ्या लेकानं, म्हंजे तुमच्या नातवानं, क्रांती चौकातल्या फोटोवाल्याकडून तो मोठा करून आणला, लई हौसेनं. त्या फोटोवाल्यानं कम्प्युटरवर तुमच्या फेट्याला गुलाबी रंग दिला आणि अंगात कोट चढवला. खांद्यावरचं घोंगडं सोडून जन्मात दुसरं काय पांघरलं नाय तुम्ही, आणि आता कोट. मला आधी हसू आलं, मग राग आला. कारण कोटातही तुमचं तोंड तसंच, घट्ट मिटलेलं. ते तोंड उघडावं म्हणून मी आयुष्यभर तुमच्या मागं लागले होते.

भांडण भिंतीवरून झालं. मेलेल्या माणसांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीला लावायचे, हे तुम्हाला मी काय सांगू. पण तुमच्या वेळी आपल्याला भिंतीच नव्हत्या, मेंढरांमागं फिरताना ठोकलेलं पाल होतं. आता आम्ही हर्सूलला फ्लॅटमध्ये राहतो, आणि बाहेरच्या खोलीला धड भिंत एकच, दक्षिणेची. एकीला खिडकी, एकीला दार, एकीवर टीव्ही. आणि त्या धड भिंतीवर माझी कुत्री हायेत.

चित्रं, आबा. जित्ती कुत्री नाय. इंग्रजांच्या काळातली, टेरियर म्हणतात त्या जातीची, बुटकी, झिपरी, दाढीमिशावाली. छावणीतल्या बंगल्यांत साहेब लोक लावायचे. बंगले मोडले, माणसं गेली, चित्रं जुन्या बाजारात आली. दोन-तीन चित्रं रंगानं काढलेली हायेत, त्यांचा रंग उन्हाळ्यातल्या तळ्यागत तडकलाय. बाकीची छापाची. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवून सुईनं एकेक केस कोरायचा, पत्रा तेजाबात बुडवायचा, मग शाई भरून कागदावर दाबायचा. आपल्या बायका हातावर गोंदून घेतात तसं, फक्त इथं कातडीच्या जागी तांबं. खऱ्या छापाच्या भोवती पत्र्याची कड कागदात दबलेली राहते, बोटाला लागते. काच लावायच्या आधी मी डोळे मिटून तिच्यावरनं बोट फिरवते, लई गोड वाटतं. एक कुत्रा बिळापुढं बसलाय, शेपूट ताठ, घूस बाहेर यायचीच खोटी. एकाचं तोंड नव्यानं बदली होऊन आलेल्या तहसीलदारासारखं हाय. एक म्हातारी कुत्री गादीवर बसून सगळ्यांवर नाराज हाय, तिला बघितलं की सासू आठवते, आणि सासूवर पहिल्यांदाच माया येते. माझी नात कॉलेजला जाते. ती आल्यावर आम्ही दोघी मोबाईलवर कुत्र्यांची जुनी चित्रं बघत बसतो, सून जेवायला हाका मारून थकते. एवढी मजा मला लग्नातही आली नव्हती.

सुरुवात छावणीतच झाली. मी एका बाईंकडं भांडी-फरशीला होते. त्यांच्या घरातल्या बोळकांडीत असलं एक चित्र होतं. मी झाडू हातात धरून त्याच्यापुढं उभी राहायची. एक दिवस बाई म्हणाल्या, एवढं काय बघतेस गं. मी म्हटलं, बाई, ही आमची हाय. त्या हसल्या नायत. पुढं लेकीकडं पुण्याला निघाल्या तेव्हा सामान बांधता बांधता ते चित्र खिळ्यावरनं काढलं आणि माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, तुझी आहे ना, ने मग. तेव्हापासून नाद लागला. जुन्या बाजारात एक चाचा बसतात, जुन्या सामानाचे. असलं काय आलं की ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात आणि मला लांबून बघूनच म्हणतात, "खाला, तुमारा रिश्तेदार आया देखो." बाजारातली माणसं वळून बघतात. मला काय त्याचं.

आता तुम्हाला कळलं असंल मी कुणाविषयी बोलतेय. का तिथंही तोंड मिटूनच बसलात?

फर्दापूरला आपली मेंढरं एकाच्या रानात बसली होती, थंडीचे दिवस. डाक बंगल्याच्या खानसाम्यानं मला ते पिल्लू दिलं, कुण्या साहेबाच्या कुत्रीच्या वंशातलं असंल. तोंडाला दाढी. तुम्ही म्हणालात, हे कुत्रं हाय का बोकड. मी तिला दाढी म्हणायची, तर तुम्ही म्हणालात, कुत्र्याला नाव ठेवायचं नसतं, नाव ठेवलं की ते माणसात येऊन बसतं. खरंच बसली ती. माझ्या घोंगडीत यायची, पायाशी नाय, पोटाशी. आपली मोठी कुत्री लांडग्यावर जायची, ही उंदरावर जायची, घुशीच्या बिळात अर्धी आत शिरायची, मागचे पाय तेवढे बाहेर. आईच्या ज्वारीच्या पोत्याला तिनं उंदीर लागू दिला नाय. तरी तुम्ही म्हणायचे, बिनकामाची, फुकट भाकर खाती.

मग मी आत्याकडं फुलंब्रीला लग्नाला गेले. परत आले तर मोठी कुत्री अंगावर उड्या मारत आली, ही नाय. मी पालाच्या भोवती फिरून हाका मारल्या. आई भाकरी थापत होती, तिनं चुलीतनं डोळे वर काढले नायत. तुम्ही मेंढी पायात धरून लोकर कातरत होता. मी विचारलं, दाढी कुठं हाय.

"दिली."

"कुणाला?"

"एकाला."

आणि कातर चालूच. मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, "कुत्र्यापायी रडती का? मग माणूस मेल्यावर काय करशील?"

आबा, त्या 'एकाला'चा मला अजून राग येतो. सत्तरीला आले, गुडघे गेले, दात गेले, राग तसाच हाय. मी लग्नानंतर माहेरी आले की विचारायची. भावाच्या हळदीत विचारलं, तुम्ही उठून मांडवाचा खांब हलवून बघायला लागलात. पहिलं बाळंतपण झालं, तुम्ही नातवाला मांडीवर घेतलं होतं, तेव्हा विचारलं, तर म्हणालात, ह्याचं नाक आपल्यावर गेलंय. शेवटी दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते. म्हटलं, आबा, आता तरी सांगा, एकाला म्हंजे कुणाला. तुम्ही माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणालात, "च्या आण." आणला. बशीत ओतून, फुर्र करून पिलात, आणि तोंड पुसून कूस बदललीत.

मारली असती तर मारली म्हणायचं होतं. लांडग्यानं नेली म्हणायचं होतं. मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही दिली म्हणालात, म्हणून ती कुठंतरी हाय असं मला वाटत राहिलं. बैलगाडीत बघितलं, एसटीत बघितलं, साहेबांच्या फाटकातनं आत बघितलं. कुत्र्याचं आयुष्य ते केवढं, ते सरून कितीतरी वर्षं झाली तरी बघतच होते. खऱ्यात सापडंना तेव्हा चित्रात बघायला लागले. तुम्हाला एक शब्द जड झाला.

तर मागच्या रविवारी लेक ड्रिल घेऊन आला. भाऊ गेल्यापासून तुमच्या पित्तराचं पान तोच घालतो. म्हणाला, आई, कुत्री काढ, आजोबांचा फोटो लावायचाय. मी म्हटलं, नाय काढणार. तो म्हणाला, "आजोबांच्या शेजारी कुत्री शोभतात का? पाहुणे काय म्हणतील?"

"मेलेल्यांचीच भिंत हाय ना? मग ही बी मेलेलीच हायेत. शंभर वर्षं झाली असतील, तुझ्या आजोबांपेक्षा वडील हायेत सगळी."

नात फिस्कन हसली. लेकाचं तोंड लाल झालं. मी थांबले नाय, म्हटलं, पित्तराला कुत्र्याचा घास काढून ठेवतोस, तेव्हा बरं शोभतं. त्यावर त्यानं ड्रिल खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाला, "मग मी पानच घालत नाही. माणूस कपाटामागं ठेवून कसलं पान?"

म्हंजे बघा, तुम्हाला उपाशी ठेवायचं माझ्या हातात आलं. आठ दिवस मी तशीच फुगून राहिले. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. तोंड भिंतीकडं करून उभं राहणं कसं असतं ते तुम्हालाही कळू द्या म्हटलं.

काल रात्री जेवताना नात म्हणाली, आजी, असं करू. तुझ्या त्या कुत्रीसारखं जे असेल ते एक इथं ठेवू, बाकीची माझ्या खोलीत लावते. सांग, तिच्यासारखं कोणतं? मी हात धुवून भिंतीपुढं उभी राहिले. आबा, मला सांगता आलं नाय. तिची दाढी भुरी होती का करडी? एक कान पडलेला होता, पण डावा का उजवा? डोळे मिटले तर तिचं तोंड येईना, चित्रांतलीच तोंडं येत राहिली. आई नाय, भाऊ नाय. तिला बघितलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाय, आणि माझ्यातनं ती गेली. लेकाला वाटलं मी भिंतीवरनं रडतेय. तो म्हणाला, राहू दे आई, सगळी राहू दे. मी म्हटलं, कुत्री दोन्हीकडं सरकव आणि आजोबांना मधी लाव. त्यानं सकाळी उठून भोकं पाडली.

उद्या तुमचं पान हाय. वड्या, खीर, सगळं. पोटभर खा, पण माफ केलं असं समजू नका. हा कागद कुठं टाकायचा नाय, शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवते, कुणी वाचू नये. कारण आज दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी स्टुलावर चढले, ह्या गुडघ्यांनी, आणि एकेका कुत्र्यावर बोट ठेवून तुमच्याकडं बघत राहिले, कुठल्या चित्राला तुमची पापणी हलते ते.