जांभळाची सावली

८ मे
आज भर उन्हात लाईन गेली आणि छतावर सोलर असूनही दादाचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. वायरमन किसनने खात्रीने सांगितलं: आपलं सोलर लाईनला जोडलेलं, खांबावरच्या माणसाला झटका बसू नये म्हणून लाईन गेली की तेही आपोआप थांबतं. सिलिंडर होता म्हणून निभावलं. घरात सगळ्यांची समजूत होती, ऊन आहे तोवर वीज आहे.
दादा मास्क सरकवून म्हणाला, "मंजी ऊन आपलं, पर बटन त्यांचं."

९ मे
हिंजवडीहून सुमीचा फोन. बाबांना घेऊन जाते, आमच्या टॉवरला जनरेटर आहे म्हणाली. दादाने लेकीचा फोन माझ्या हातात दिला. खुर्ची जांभळाखाली न्यायला सांगितली. हे घर त्याला सोडावं लागू नये म्हणून तर सोलर बसवलं. जनरेटर इथे चालायचा नाही. शेजारच्या रिसॉर्टचा सुरू झाला तरी धुराने त्याला ढास लागते.

१४ मे
सोलरला बॅटरी बसवली. मेन बंद करून पाहिलं, मशीन चालू राहिलं. आवाज नाही, धूर नाही. वहिनींनी बॅटरीपुढे साखर ठेवली. दादा हसला, मग बराच वेळ खोकला.

१७ मे
दिवसभर ढग. बॅटरी अर्धीही भरली नाही. सोलरवाले शेलार छतावर चढले. दुपारनंतर जांभळाची सावली थेट पॅनेलवर येते. घराच्या पश्चिमेचं हे झाड अर्धं उतरवा म्हणतात. मी विचारलं, मग पावसाळ्यात भागेल ना?
"हितल्या पावसाची ग्यारंटी मी न्हाई देनार, काका."
आषाढात इथे समोरचा डोंगर दिसत नाही. ऊन कुठलं...

१९ मे
वहिनी भडकल्या. "झाड बी तोडायचं, आन् मंग हिंजवडीला बी जायचं का?" याच सावलीने दादाची खोली उन्हाळ्यात गार राहते. शेलारांच्या हिशोबात ते नाही, माझ्याही नव्हतं. जांभळं आता कुठे लाल व्हायला लागलीत.

२० मे
दुपारी वारा सुटला, पुन्हा लाईन गेली. मशीन बॅटरीवर चाललं. दादा एकटक तिच्यावरच्या हिरव्या पट्ट्या बघत होता. शेवटची उरली तेव्हा लाईन आली.
संध्याकाळी त्याने स्वतः दोन फोन केले. उद्या सकाळी झाडं छाटणारा गेनू करवत घेऊन येतोय. सुमीची गाडीही उद्या सकाळीच. वहिनींनी बॅग अर्धी भरून ठेवलीय.
मी विचारलं, दादा, नेमकं ठरलं काय?
"दोगं बी येऊं दे. सकाळी दम कसा हाय बगतो, मंग सांगतो."