रस्त्यावरची पांढरी फुली

ती. किकुएताईस,

त्सुनेकोचा कंबर कुरकुरेपर्यंत वाकून नमस्कार. नीगाताचा बर्फ वितळला का? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तू पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं आणि संपलंही. मी ठणठणीत आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही. त्याला कारण ती माणसं.

कुठली म्हणशील, तर गेल्या वर्षी टीव्हीवर कसलंसं कार्टून लागलं (कार्टून म्हटलेलं त्यांना खपत नाही, ॲनिमे म्हणायचं म्हणे). त्यात एक शाळकरी पोरगी रोज आमच्या चढणीवरून रडत पळते. का रडते ते मी विचारलेलं नाही, रडू दे बापडी. पण तिच्यामागे ह्यांचं सलून दिसतं, हुबेहूब. हे गेल्यापासून तीन वर्षं कुत्रं फिरकत नव्हतं तिथे, आणि आता देशभरातले रिकामटेकडे आमच्या दारात! बरं, आले तर सलून तरी बघावं? नाव नको. फोनवर कार्टूनमधलं चित्र धरायचं, एक डोळा मिटायचा, दोन पावलं मागे, अर्धं पुढे, आणि चित्र रस्त्याशी जुळलं की डोळ्यांत पाणी आणायचं. चांगल्या नोकऱ्या असलेली माणसं गं ही! शेवटी आळीच्या मंडळाने रस्त्यावर पांढरी फुली मारली, की मरा, पण गाड्यांच्या वाटेत मरू नका. तर त्या फुलीवर रांग लागते. (कचऱ्याच्या दिवशी आमच्या आळीला एवढी शिस्त असती तर कावळे उपाशी मेले असते.)

परवा एक बाई दहादा वाकून म्हणाली, "आजी, तेवढी सायकल हातभर डावीकडे घ्याल का? चित्रात ती तिथे आहे." आणि मी काय करावं? आईने लावलेलं वळण आड आलं. "अगंबाई, माझंच चुकलं," म्हणून मीही वाकले, सायकल सरकवली. सायकल माझी, दार माझं, आणि माफी मागतेय मीच! त्या दिवसापासून मुद्दाम उजवीकडे लावते. लोक हळहळतात, मी खिडकीतून बघते. तेवढीच करमणूक.

तर ताई, तुझंच ऐकायचं ठरवलंय. वीस तारखेला जागा घेणारा माणूस कागद घेऊन येतोय. सलून पाडून चार गाड्या उभ्या करायची सोय करणार आहे. मग उभे राहा म्हणावं फुलीवर! एप्रिलमध्ये तुझ्याकडे कायमची येते, मागच्या खोलीला जरा हवा लागू दे.

मंगळवारी तर कहरच झाला. भर पावसात नागोयाचा हागिवारा नावाचा पन्नाशीचा गृहस्थ फुलीवर उभा. मी छत्री घेऊन झापायला गेले, तर मलाच विचारतो, "आजी, सलूनच्या दारात वेलीला पाणी घालणारा तो म्हातारा कोण हो? चार भागांत दिसतो, बोलत काहीच नाही. आम्हा सगळ्यांना फार आवडतो." म्हटलं, इथे कोणी म्हातारा नाही. तर त्याने फोनच पुढे केला. चष्मा नाही, मला दिसत नाही, असं सांगून मी दार लावून घेतलं. असली ही माणसं! असो. भावोजींना नमस्कार.

तुझी,
त्सुनेको

ता.क. चष्मा नाकावरच होता. म्हाताऱ्याच्या खांद्यावर सलूनचा टॉवेल आहे. एका पायात तपकिरी सपात, दुसऱ्यात निळी. चाळीस वर्षं मी त्यावरून घसा फोडला, ताई, आणि त्या कार्टूनवाल्या मेल्यांनी तेवढंच नेमकं काढलंय! ह्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात दोघंजण समोर फोटो काढत होते खरे. मीच त्यांना हाकललं होतं.

आणखी ता.क. खोलीला हवा लावायची घाई करू नकोस. त्या जागावाल्याला येऊ नका म्हणून कळवलंय.

शेवटचं. ते चार भाग कुठले, तुझ्या सुनेला विचारून कळव, माझं नाव मात्र सांगू नकोस. फुलीवरून सलून खरंच चांगलं दिसतं. आज सहाच्या आधी, रांग नसताना, जाऊन आले. सायकल हातभर डावीकडे घ्यावी लागली.