पोटावरचे निळे डाग

४ मे

ती. दादा यांस, सा. न. वि. वि.

जबडा तारेने बांधला आहे, म्हणून लिहितो. तुम्ही पाइप उचललात तेव्हा मी अडवलं नाही. तुमच्या बहिणीला शेवटची अंघोळ घालताना आईंना पोटावर निळे डाग दिसले, आणि मी लाथा मारल्या असं तुम्हाला वाटलं.

डाग माझ्याच हातचे, पण सुईचे. तिच्या रक्तातल्या अँटीबॉडी तिच्यावरच उलटायच्या. आधीची दोन्ही बाळं त्यांनीच नेली. या खेपेला रक्त पातळ ठेवायला रोज पोटात इंजेक्शन होतं. माहेरी सांगायचं नाही, अशी तिने शपथ घातली होती. रक्तात खोट आहे म्हणून धाकट्या बहिणीला सासरी बोलणी बसतील, म्हणायची. शेवटी रक्तदाब चढला, झटके आले, पोटातल्या बाळासकट गेली.

आज शपथ मोडतो. मार खाऊन पडलो तेव्हा समोर धाकटीचे पाय दिसले, सुजलेले, चपलेत न मावणारे. तिला सातवा आहे. रक्तदाब लगेच तपासा, रक्तही.

राग असू द्या, एवढं ऐका.

आपला,
तुमच्या घरचा जावई, शिंपी

७ मे

शिंप्या,

जबडा फुटला तरी जीभ वळवळतेच. बहीण खाल्लीस, आता आमच्या रक्तात खोट काढतोस? धाकटी धडधाकट आहे. डोकं दुखतं, एवढंच. पुन्हा तिचं नाव काढलंस तर उरलेले दात हातात देईन.

दादा

१० मे

ती. दादा यांस, सा. न. वि. वि.

डोकं दुखतं एवढंच, असं तीही म्हणाली होती. मग डोळ्यांपुढे काजवे, तोंडाला फेस, दात जिभेत रुतलेले. सोडवायला घातलेलं माझं बोट तिने हाडापर्यंत चावलं. पाइप घेऊन या, पण आधी धाकटीला दवाखान्यात पोचवा. मी दारातच उभा राहतो.

आपला

१९ मे

जावईबापूंस,

पाइप घेऊन निघालोच होतो. धाकटी जिन्यात कोसळली. झटका आला. पाइप तिथेच टाकून तिला उचललं. ती वाचली. बाळ काचेच्या पेटीत आहे, मूठ आवळतं. रक्तात तेच निघालं.

गुठळी होऊ नये म्हणून आता तिलाही रोज सुई. वेल्डिंगचा हात सुईला जड पडतो. काल मी टोचलं, आज निळा डाग. आईने डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

लोभ मागायला तोंड नाही.

दादा

२२ मे

ती. दादा यांस, सा. न. वि. वि.

कातडी चिमटीत धरा, सुई सरळ घाला. नंतर चोळू नका, चोळलं की डाग पडतो. नर्सने मलाही बजावलं होतं. पण हिला फार दुखायचं. माझा हात ओढून पोटावर ठेवायची. मी चोळायचो.

धाकटीला जपा.

आपला