पाणी आत कुठून घ्यायचं

सोमवार, ता. ३

तर सगळ्यांत आधी उगवले ते पाणीवाले. गवंडी यायचा होता, फरशीवाला यायचा होता, प्लंबर तर आठ दिवस ‘निघालोच’ म्हणतोय. आणि दारात उभे कोण, तर हे दोघं! इस्त्रीचे कपडे, हातात मोजायची टेप. मुलानं बजावलंय, आई, मी कामावर असतो, कोण आलं कोण गेलं ते वहीत लिहून ठेव. म्हणून लिहिते. शाळा तिसरीपर्यंतच, पण अक्षर लागतं.

घर आमचं आम्हीच बांधतोय. एक खोली राहण्याजोगी झालीय, तीत मी, मुलगा, सूनबाई आणि माझी चार महिन्यांची नात, चिमणी. बाकी नुसत्या भिंती. पण रस्त्यावरचं पाणी घरात कुठून घ्यायचं यावर महिनाभर जुंपलीय! मुलगा म्हणतो स्वयंपाकघरातून, सूनबाई म्हणते न्हाणीघरापासून. मला कोण विचारतंय? या दोघांनी विचारलं! घरात थोरलं कोण, त्यांनीच जागा दाखवायची म्हणाले. मी माझ्या खाटेजवळचा कोपरा दाखवला. गुडघे असले हे, पाण्यासाठी लांब कोण जाणार? वा आजी, म्हणाले. माणसं किती, तेही विचारलं. मी म्हटलं चार, पण धाकटी अजून दूधच पिते. दोघं खो खो हसले आणि तेसुद्धा लिहून घेतलं. मग मी ऐटीत कागदावर सही ठोकली. अंगठा नाही, सही!

बुधवार, ता. ५

पाइप बसलासुद्धा! काळा, कोपऱ्यात जमिनीतून वीतभर वर आलेला. खणलं कधी, कळलंच नाही. मी पलीकडे नव्या भिंतींवर पाणी मारत होते. मुलगा तणतणला, मला न विचारता? मी म्हटलं, थोरली कोण? पाणी अजून यायचंय. गंमत म्हणजे सकाळी भिजवलेल्या भिंती दुपारी खडखडीत. शेजारणीकडून भरून आणलेलं पिंपही निम्मं. ऊन फार पडलंय, दुसरं काय.

शनिवार, ता. ८

प्लंबर आला एकदाचा. मोठी लाइन रस्त्याच्या पार त्या अंगाला, हा पाइप कुठल्या शहाण्यानं घातला, असं ओरडला. पाणीखात्यात फोन लावला. तिथून कुणालाच पाठवलेलं नाही. मग त्यानं पाइपच्या तोंडावर तळहात ठेवला. हात चिकटला. मुलानं कमरेला धरून ओढलं तेव्हा सुटला. तिशीतला माणूस, पण तो हात माझ्या हातासारखा सुरकुतलेला. आजी, हा पाणी आणत नाही, नेतो, एवढंच म्हणाला. हत्यारं इथंच टाकून गेला.

सोमवार, ता. १०

मुलानं पाइपात सिमेंट कोंबलं. तासाभरात त्याचं पीठ. तेही आत ओढलं गेलं. सूनबाईचे ओठ फुटलेत. अंगावरचं दूध आटलं. चिमणी रडते, पण डोळ्यांत टिपूस नाही. सही मी केली. मी.

मंगळवार, ता. ११

तिघं दवाखान्यात. मुलाचा फोन आला, सलाइनच्या बाटल्या जातायत, पोर कोरडीच. मला चल म्हणत होता. मी नाही गेले. सही माझी, तर त्या दोघांशी बोलणंही मलाच करायला हवं.

बुधवार, ता. १२

आले. तसेच हसत. मी म्हटलं, बाबांनो, सगळ्यांचं थोडं थोडं नको. माझं सगळं एकदम घ्या, त्या तिघांना सोडा. एकमेकांकडे बघितलं. चालेल म्हणाले. कागदावरच्या तिघांवर काट मारली. मी खाली पुन्हा सही केली. एकच मागितलं, नातीला एकदा मांडीवर घेऊ द्या. त्यालाही हो म्हणाले —

गुरुवार, ता. १३

चिमणीनं दुपटं ओलं केलं! फोनवर सूनबाई हसतेय, रडतेय, बोलता येईना तिला. माझी गुणाची गं ती! उद्या घरी आणतात. मी खाट झटकली, धुतलेलं लुगडं अंथरलं — जीभ टाळ्याला चिकटते, असू दे. उद्याचा दिवस मिळाला, पुरे.

माझं घ्यायला शनिवारी येतो म्हणाले होते. नक्की शनिवारच, मी दोनदा विचारलं. आज गुरुवार. मग आत्ता दारात हे दोघं कसे —