बाळंतिणीची दुपार

ती. आईस,

तुझ्याविरुद्ध माझी पहिली तक्रार अशी, की तू बाज सैल ठेवून वर गेलीस! बसलं की माणूस जमिनीला टेकतं आणि उठवायला दोघी लागतात. तुझी स्वर्गात सोय लागली, आम्ही मात्र इथं झोळीत.

पण पत्र बाजेसाठी नाही. आपली लीला वळसंगहून बाळंतपणाला आलीय. मुलगी झाली, तुला पणती! पोट जड झाल्यापासूनच तिला कूस सापडत नव्हती. आता पोर निजली तरी ही टक्क जागी.

रात्री पोर निजू देत नाही, दिवसा तुझा कायदा! म्हणे बाळंतीण दुपारी झोपली की अंगात वात शिरतो. तू गेलीस, पण कायदा आळीत ठेवून गेलीस. शेजारची गौरव्वा जेवण आटोपून रोज पहाऱ्याला हजर. लीलाची मान कलली रे कलली, की लगेच, "ए लीला, निजू नगं गं! तुज्या आज्जीनं बजावलं हुतं मला."

माझ्या वेळी तूही अशीच बसायचीस. मी पेंगले की तोंडावर पाणी! मनात किती शिव्या घातल्या तुला. पण मला जागवताना तू तरी कधी झोपलीस गं?

काल लीला पोरीकडे बघत म्हणाली, "आई, हे बाळ कुणाचं गं? त्यांना घेऊन जायला सांग की."

मी हसले. सगळं हसण्यावारी न्यायची माझी खोड तुला ठाऊक आहे. पण हातातली धुरीची शेगडी खाली ठेवावी लागली. आई, तुझ्या कायद्यात यावर काय उपाय आहे?

आज गौरव्वाला उंबऱ्यातच अडवलं. "पहारा बंद."

"आन् वात शिरला म्हंजे?"

"त्याच्याशी मी भांडते. तू पोरीला घेऊन ओट्यावर बस."

"तुजी आई वरनं बघतीया, बरं का!"

"बघू दे. तिलाही तेवढंच काम!"

पुटपुटत का होईना, तिनं पोरीला पदराखाली घेतलं. लीला आडवी झाली. गिरणीचा भोंगा वाजला तरी हलली नाही. मीच घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. उठल्यावर लेकीला ओळखेल ना गं?

तुझा शब्द मोडला, रागाव हवं तर. पण लीला पोरीला आपली म्हणेपर्यंत दुपारी या दाराला कडी राहील. हे माझं वचन.

तुझ्या आजारपणात तू गौरव्वाकडून वाटीभर डिंक मागवला होतास. तिची वाटी आपल्या फडताळातच राहिली होती. ती डिंकानं भरून आत्ता गौरव्वाजवळ ओट्यावर ठेवली. खण्ण आवाज झाला, तशी ती माझ्यावरच डोळे वटारून कुजबुजली, "हळू की! लीला निजलीया न्हवं."

तुझी फटकळ लेक,
सरू