समोरची खोली आणि अर्धं राहिलेलं व्याख्यान

मी, मंदार नीळकंठ देवपुजारी, वय छप्पन्न, एकेकाळी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, हल्ली एका साप्ताहिकात तिरकस सदर लिहून लोकांचे शिव्याशाप घेणारा, राहणार यवतमाळ, हा मृत्युपत्राचा लेख कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून नव्हे, तर स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तिचा उपयोग फारसा झाला नाही, एवढाच तिच्यावर आक्षेप घेता येईल. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. हे ऐकताच मी वकिलांना फोन केला.

कलम १. माझं राहतं घर स्वकष्टार्जित असून त्यावर कोणाचाही बोजा नाही. समोरची खोली सोडून सगळं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी पत्नी शीला हिला मिळावं. तिने माझं प्रत्येक सदर छापायला जाण्याआधी वाचलं आणि ती एकदाही हसली नाही. इतका प्रामाणिक वाचक मला पुन्हा मिळाला नाही. पुस्तकं मुलगी स्पृहा हिला द्यावीत. स्कूटरही तिलाच द्यावी; ती माझा कचेरीतला मित्र देवीलाल राठोड याच्याकडून मागून आणावी लागेल. ती कायम त्याच्याच घरी उभी असते.

कलम २. मी येथील गणित मित्र मंडळाचा चिटणीस आहे. मला गणित येत नाही, माझं अक्षर चांगलं आहे. आपल्याकडे चिटणीस याच गुणावर निवडतात. सामान्य माणसाला कळेल असं गणिताचं जाहीर व्याख्यान दर महिन्याला ठेवायचं आणि रविवारी माझ्या समोरच्या खोलीत, ज्याचं गणित अडलं असेल त्याला बसवून समजावून सांगायचं, असं मंडळाचं काम ठरलं होतं. रविवारचं काम बरं चाललं, कारण त्याला अध्यक्ष नव्हता. व्याख्यानांना होता.

अध्यक्ष प्रा. घनश्यामराव यांच्याबद्दल माझ्या मनात वैर नाही. होतं ते सदरात छापून झालं. मंडळाच्या शाली, टेबलक्लॉथ आणि वेळ संपल्याची घंटा माझ्या कपाटात आहे. शाली आणि टेबलक्लॉथ त्यांना परत करावेत. घंटाही द्यावी, पण ती त्यांच्याच भाषणात एकदा वाजवून मग.

कलम ३. हे कलम मालमत्तेचं नाही. वकीलसाहेबांनी ते गाळायला सांगितलं होतं. मी ठेवलं आहे, कारण पुढच्या कलमाचं कारण यात आहे.

चार वर्षांपूर्वी मंडळाच्या वर्धापनदिनी राळेगावच्या सुरभी झोटिंग हिचं व्याख्यान ठेवलं होतं. घरची कापूस-तुरीची शेती, स्वतः एम.एस्सी., तिकडच्याच शाळेत शिक्षिका. ती एसटीने आली, साडीवर धूळ, हातात गुंडाळलेले तक्ते. आमच्याकडे रीत अशी की व्याख्यानाआधी सत्कार होतात. त्या दिवशी खुर्च्या देणाऱ्याचा झाला, खुर्च्या मांडणाऱ्याचा झाला, मग ज्यांच्या हस्ते झाले त्यांचाही झाला. प्रत्येकाने मनोगत मांडलं. गणितावर आपलं किती प्रेम आहे आणि शाळेत त्यात आपण कसे नापास झालो, हे प्रत्येकाने सांगितलं. सुरभी मंचाच्या कडेला नारळ मांडीवर घेऊन बसून होती.

शेवटी ती उठली. म्हणाली, "या हॉलमध्ये दोन माणसं अशी नक्की आहेत, की त्यांच्या इथल्या ओळखी मोजल्या तर सारख्याच भरतील. कोण ते मले माहीत नाही. पण आहेत, हे सिद्ध करून दाखवतो."

सभागृह गप्प झालं. बाहेर तळल्या जाणाऱ्या आलुबोंड्यांचा वास येत असूनही गप्प झालं. ही आमच्या गावात लहान गोष्ट नव्हे. लोक शेजाऱ्याकडे पाहू लागले. तिने फळ्यावर दोन गोल काढले. "आता समजा, एका माणसाची इथं कोणाशीच ओळख नाही. आणि दुसऱ्याची झाडून सगळ्यांशी आहे. हे दोघं एकाच हॉलमध्ये…"

इथे अध्यक्षांची चिठ्ठी पोचली. 'दोन मिनिटे.' तिने ती वाचली, खडू ठेवला, नमस्कार केला आणि शेवटची बस आहे म्हणून निघाली. आभारप्रदर्शन मात्र सविस्तर झालं.

पुढच्या आठवड्यात मी त्यावर सदर लिहिलं. गाव हसलं, आपलं नाव छापून आलं म्हणून घनश्यामरावांनी अंक विकत घेऊन वाटला. सुरभी मंडळात पुन्हा आली नाही. व्याख्यानंही हळूहळू बंद पडली; सत्कारमूर्ती संपले असावेत. त्या दोन गोलांचं पुढे काय झालं, ते मला आजतागायत ठाऊक नाही. स्पृहा म्हणाली, "बाबा, मोबाइलवर सापडेल." मी नको म्हटलं. ज्या माणसाचं बोलणं आपल्या डोळ्यांदेखत तोडलं गेलं, त्याचं उरलेलं दुसऱ्याकडून ऐकू नये.

कलम ४. माझ्या घराची समोरची खोली, फळा व बाकांसह, श्रीमती सुरभी झोटिंग, रा. राळेगाव, यांना द्यावी. तिथे त्यांनी व्याख्यानं द्यावीत, चिठ्ठीशिवाय.

हे कलम रद्द समजावं. कारण खालीलप्रमाणे.

सही करण्याआधी सुरभीला विचारावं म्हणून मी तिला बोलावून घेतलं. आज दुपारी ती आली. वकीलसाहेबांनी कलम वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली,

"काका, मले नको ही खोली."

"का?"

"मी राळेगावले शिकवतो. पोरी शेतातून थेट येतात, संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसतात. या खोलीचं मी काय करू? कुलूप लावू?"

"विक आणि तिकडे घे."

"इकाचीच असती तं काकूले नसती देली तुम्ही?"

साक्षीदार म्हणून आलेला देवीलाल मध्येच म्हणाला, "बरोबर बोलते पोरगी. यानं जिंदगीत पहिल्यांदा कोनाले काही देलं, तेबी वापस येऊन राह्यलं."

मी विचारलं, "सुरभी, त्या दोघांचं काय झालं? कोणालाच न ओळखणारा, आणि सगळ्यांना ओळखणारा?"

"तुम्हाले याद आहे ते?"

"चार वर्षं तेवढंच आहे."

"मंग आले काहून नाही राळेगावले? बस तं रोज जाते."

मी पेन उचलला आणि कलम ४ खाली लिहिलं, 'हे कलम रद्द समजावं.'

वकीलसाहेब म्हणाले, दुसरा साक्षीदार अजून हवा, पण पुढे वाद नको म्हणून ज्याला काही मिळणार असेल त्याने साक्षीदार होऊ नये. "मंग मी साक्षीदार होतो," म्हणत सुरभीने माझ्याच हातातला पेन घेतला. नकार इतक्या कायदेशीर रीतीने देता येतो, हे मला आजवर माहीत नव्हतं.

कलम ५. सबब समोरची खोलीही शीलाला मिळावी. ती म्हणाली आहे की रविवारी दार उघडं राहील. माझी शोकसभा घेऊ नये.

कलम ६. जाताना सुरभी म्हणाली, "उरलेलं सांगीन. पण इथं नाही. बरे झाले की या तिकडं. मागं बसा लागते, समोर माह्या पोरी बसतात."

कायद्याप्रमाणे हा लेख माझ्या मृत्यूनंतर अमलात यावा. त्यास माझी हरकत नाही. मात्र घाई करू नये, ही संबंधित सर्वांना विनंती. मला अजून मागच्या ओळीत बसायचं आहे.

लिहून देणार : मंदार नीळकंठ देवपुजारी (सही)

वरील सही आमच्यासमोर झाली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या :
१. देवीलाल राठोड, यवतमाळ (सही)
२. सुरभी झोटिंग, राळेगाव (सही)

ठिकाण : यवतमाळ
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५